अंडं पडण्याआधी आणि पडल्यावर

इमारतीला रंग द्यायचा म्हणून परांची बांधली होती. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर उभ्या रंगाऱ्याने माझ्या खिडकीवर टकटक केली. "ताई, ह्या भोकात साळुंकीचं घरटं आहे. आज इथं पुट्टी भरायचीय. काढून टाकू का?"

मी मान वाकडी करून पाहिलं. जुना पाइप काढल्यावर भिंतीत राहून गेलेलं वीतभर खोल भोक. त्याने मोबाइलचा उजेड आत धरला. वाळकं गवत, काड्या, पिशवीचा फाटका पांढरा तुकडा आणि मधोमध चार अंडी. स्वच्छ निळी. समोरच्या कठड्यावर साळुंक्यांची जोडी घसा फोडून ओरडत होती.

"नका काढू," मी म्हणाले.

"मी नाही काढत. पण मुकादमाला काय सांगू? परांचीचं भाडं दिवसावर चालतं."

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याचा रोज बुडणार होता, भाड्याचे पैसे सगळ्या रहिवाशांच्या खिशातून जाणार होते, आणि निर्णय मात्र मी एकटीने खिडकीत उभं राहून घेतला होता. संध्याकाळी बैठक झाली तेव्हा दोन तट पडले. काहींचं म्हणणं, पक्षी काय, दुसरीकडे घालतील अंडी. माणसांची कामं त्यांच्यापायी अडवायची का? काहींचं म्हणणं, मुका जीव आहे, हात लावायचा नाही, ते भोक कायमचंच राहू द्या. तासभर वाद झाला. "किती दिवस?" हे मात्र कुणीच विचारलं नाही.

घराभोवतीच्या पक्ष्यांबद्दलचे बहुतेक तंटे या एका न विचारलेल्या प्रश्नापाशी येऊन अडतात, असं माझं मत आहे. आपण घरट्याला पक्ष्याचं घर समजतो, आणि घर म्हटलं की कायमचा मुक्काम आला, कब्जा आला, मग त्याला हुसकावणं किंवा शरण जाणं एवढेच दोन मार्ग दिसतात. बहुतेक लहान पक्ष्यांच्या बाबतीत घरटं ही बाळंतिणीची खोली असते. पिलं उडाली की तिचं काम संपतं. चिमणी ११ ते १४ दिवस अंडी उबवते आणि पुढे साधारण दोन आठवड्यांत पिलं बाहेर पडतात. बुलबुलाचं सगळं महिन्याच्या आत आटोपतं. पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंप्याचंही तेवढंच. साळुंकीला थोडा जास्त वेळ लागतो, पण तोही पाच-सहा आठवड्यांच्या पलीकडे सहसा जात नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या घराच्या आसऱ्याला पक्षी नको असेल तर तसा नकार द्यायचा माणसाला अधिकार आहे, पण तो अंडं पडण्याआधी बजावायचा. अंडं पडलं की तो अधिकार तेवढ्या मुदतीपुरता बाजूला ठेवायचा. आणि ही मुदत पाळण्याचा भार एखाद्या हळव्या रहिवाशावर किंवा रोजावर काम करणाऱ्या रंगाऱ्यावर टाकायचा नाही. ती कामाच्या आखणीतच धरलेली असली पाहिजे.

हे मी पुस्तकी आग्रहातून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी गॅलरीतली मधुमालती फार माजली म्हणून एका सकाळी मी कात्री घेऊन बसले. वेलाच्या आत बुलबुलाचं घरटं होतं. वाटीएवढं, कोळिष्टकांनी बांधलेलं, इतकं पातळ की तळातून उजेड दिसावा. आत तीन अंडी होती, गुलाबीसर पांढऱ्या कवचावर तांबड्या-जांभळ्या ठिपक्यांची. मी लगेच थांबले, पण वरच्या दोन मोठ्या फांद्या त्याआधीच छाटून झाल्या होत्या. पुढचे बारा-तेरा दिवस मादी तिथेच बसून राहिली. दुपारच्या उन्हात ती चोच उघडी टाकून, पंख अर्धवट पसरून अंड्यांवर सावली धरायची. पिलं निघाली. आंधळी, उघडीवाघडी, मान उचलली की नुसता लाल जबडा. चौथ्या दिवशी सकाळी कावळा आला. छाटलेल्या फांद्या असत्या तर त्याला घरटं दिसलं नसतं. दोन मिनिटांत सगळं झालं. दोघं बुलबुल दिवसभर चोचीत किडे धरून त्या रिकाम्या वाटीपाशी येत राहिले.

कावळ्याने त्याचं काम केलं, त्याला दोष नाही. ती चूक माझीच होती, आणि टाळता येण्यासारखी होती. छाटण्याआधी वेलात एकदा हात घालून पाहायचं, एवढंच करायचं होतं.

असंच एक अज्ञान अंड्यांबाबत आहे आणि त्याने खूप घरटी जातात. "कुणी बसत नाही, सोडून दिलेलं घरटं आहे" असं म्हणून लोक अंड्यांसकट ते उचलून टाकतात. चिमणी, बुलबुल यांसारखे पक्षी दिवसाला एक अंडं घालतात आणि खरी उबवण शेवटचं किंवा त्याआधीचं अंडं पडल्यावर सुरू करतात, म्हणजे सगळी पिलं जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. त्या पहिल्या तीन-चार दिवसांत घरटं तासन्‌तास रिकामं दिसतं. ते सोडलेलं नसतं. आठवडाभर लांबून पाहिल्याशिवाय तसा निष्कर्ष काढू नये.

आता दुसऱ्या बाजूचा मोठा मुद्दा. "ते आपल्या घरात घुसतात." हे अर्धंच खरं आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणारी भिंगरी (इंग्रजीत बार्न स्वॅलो) एके काळी गुहांमध्ये, कड्यांच्या कपारीत घरटी करायची; आता जगभर तिची बहुतेक सगळी घरटी माणसाने बांधलेल्या भिंती, पूल आणि छपरांखालीच असतात. उत्तर अमेरिकेतला धुराड्यांत राहणारा पाकोळीचा एक प्रकार पूर्वी जुन्या, पोकळ झाडांत राहत असे. ती झाडं तोडली गेली, त्यांच्या जागी विटांची धुराडी आली, पक्षी त्यांत शिरले. आता ती धुराडीही बंद होत चालली आहेत. पारवा मूळचा कड्यांवरचा. त्याच्या दृष्टीने बारा मजली इमारत हा खिडक्यांचे कोनाडे असलेला एक कडाच. आपण त्यांची जागा घेतली आणि तिच्या बदल्यात नकळत दुसरी दिली, मग दुसरीही बुजवायला निघालो, असा हा व्यवहार आहे. निदान त्याला घुसखोरी म्हणू नये.

शिवाय नुसत्या बंदोबस्ताने पक्षी थांबतात असंही नाही. पक्षी बसू नयेत म्हणून छज्ज्यांवर धातूचे टोकदार काटे लावतात, ते आपण पाहतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की तिथल्या आणि शेजारच्या बेल्जियममधल्या कावळ्यांनी आणि मॅगपाय पक्ष्यांनी हेच काटे उपटून त्यांची घरटी बांधली होती. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरातल्या एका घरट्यात असे सुमारे १,५०० काटे सापडले. मॅगपायने तर घरट्याच्या वरच्या घुमटात काट्यांची टोकं बाहेर वळवून लावली होती, बहुधा अंडी पळवणाऱ्या दुसऱ्या पक्ष्यांना आत शिरता येऊ नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तो फोटो बघत बसले.

घाणीचं काय, हा प्रश्न मात्र झटकून टाकता येत नाही, आणि पक्षिप्रेमी मंडळी तो झटकतात याचा मला राग येतो. इथे सगळ्या पक्ष्यांना एका मापाने मोजणं चूक आहे. बुलबुल, चिमणी, शिंपी यांच्या पिलांची विष्ठा पातळ पडद्याच्या पुडीत बांधलेली बाहेर येते. घास भरवून झाला की पिलू पाठ वळवतं, शेपटी वर करतं, आणि आई किंवा बाप ती पांढरी पुडी चोचीत धरून लांब नेऊन टाकतो, कधी गिळूनही टाकतो. म्हणून अशा घरट्याखाली महिनाभरात फारसं काही साचत नाही. पारव्याचं तसं नाही. पिलं घरट्याच्या काठावरच शिटतात, आई-बाप ते उचलत नाहीत, थरावर थर चढतो आणि त्याच थरावर पुढची दोन अंडी पडतात. त्याला ऋतूचंही बंधन नाही. अन्न मिळत राहिलं तर पारवे वर्षभर विणीत असतात. एक वीण उडते न उडते तोच मादी दुसऱ्या अंड्यांवर बसलेली असते, त्यामुळे "पिलं उडाल्यावर काढू" ही वेळ येतच नाही.

आणि त्या थराचा माणसाला त्रास होतो. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासातून जात राहिली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. वेळीच ओळखलं नाही तर फुप्फुसं कायमची राठ होतात. विष्ठेत वाढणाऱ्या काही बुरश्यांचा संसर्ग प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जिवावर बेतू शकतो. तेव्हा पारव्यांच्या बाबतीत मी आधीच्या नकाराचा आग्रह धरते: खिडकीच्या कोनाड्यात पहिल्या चार काड्या दिसल्या की त्याच दिवशी काढायच्या, रोज काढायच्या, डक्टला जाळी वेळेत बसवायची, आणि मूठ-मूठ दाणे टाकून आपणच त्यांची संख्या वाढवायची नाही. तरीही अंडी पडलीच आणि घरात फुप्फुसाचा रुग्ण असेल, तर तिथला कायदा पाहून मी मुदतीचा हट्ट सोडेन. माणसाचा श्वास आधी. साफ करताना थर आधी पाण्याने भिजवायचा, नाका-तोंडावर चांगला मास्क लावायचा, कोरडा झाडू फिरवायचा नाही. धूळ उडवणं हेच सगळ्यांत वाईट.

जाळीबद्दलही सांगायला हवं, कारण ढिली लावलेली जाळी म्हणजे फास. ताण गेलेल्या, कडेने फाटलेल्या जाळीत पक्षी आत शिरतो आणि बाहेर पडू शकत नाही. जाळी लावली की ती महिन्यातून एकदा कडेकडेने हाताने चाचपून पाहायची जबाबदारी येते. ती घ्यायची नसेल तर जाळी लावू नये.

मात्र "आधी नकार द्या" या माझ्याच नियमाचा गैरवापर कसा होतो हेही पाहिलं पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये बांधकाम करणाऱ्यांनी झाडं आणि कुंपणाच्या झुडपांच्या रांगाच्या रांगा विणीच्या आधी जाळ्यांनी झाकून टाकल्या, कारण एकदा घरटं झालं की कायद्याने काम अडलं असतं. लोकांनी मोठा आवाज उठवला. अंडं पडण्याआधी नकार दिला, हे त्यांचं बरोबरच होतं की, असं कुणी म्हणेल. पण प्रत्येक इमारतीने प्रत्येक भोक बुजवलं, प्रत्येक छज्ज्याला जाळी मारली, तर तो नकार उरत नाही, हद्दपारी होते. एका जागी नाही म्हणायचं तर जवळच दुसरी जागा मोकळी ठेवली पाहिजे.

आणि हे अवघड नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटन अँड होव्ह शहराने २०२० पासून ठरावीक उंचीच्या नव्या इमारतींना परवानगी देताना भिंतीत पाकोळ्यांसाठी पोकळ विटा बसवण्याची अट घातली. बाहेरून एक फट दिसते, मागे बंद कप्पा. घराच्या आत काही येत नाही, प्लॅस्टर खराब होत नाही. साध्या घरालाही लाकडी पेटी टांगता येते. चिमणीसाठी ३२ मिलिमीटरचं गोल भोक पुरतं, साळुंकीला त्याहून मोठं लागतं. पेटी दुपारच्या उन्हात नसावी, मांजराला पोचता येऊ नये, आणि भोकाखाली शोभेची दांडी लावू नये, कारण तिचा उपयोग शिकाऱ्यालाच होतो.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? आहे, आणि लोकांना वाटतं त्याहून कडक आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं किंवा त्यांच्या घरट्यांना धक्का लावणं हे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच येतं. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्याने वन्य पक्ष्याचं बांधकाम चालू असलेलं किंवा वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा ठरतं. अमेरिकेचा १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा शेकडो जातींना संरक्षण देतो, पण बाहेरून आलेली घरचिमणी आणि पारवा त्यात बसत नाहीत. कायदा असा जातींच्या याद्या करतो आणि तक्रार आली की जागा होतो. पुट्टीचा हात भोकापर्यंत पोचलेला असतो त्या क्षणी तिथे कायदा नसतो, रंगारी असतो.

प्रेमाने होणारं नुकसानही कमी नाही. रोज घरट्यात मोबाइल घालून फोटो काढले की आई-बाप उडतात, तेवढा वेळ अंडी गार पडतात, आणि आपली ये-जा पाहून कावळ्याला पत्ता कळतो. जमिनीवर बसलेलं, अंगभर पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिलू दिसलं की लोक ते उचलून खोक्यात घालतात. ते पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं, आणि आई-बाप जवळच असतात. त्याला फार तर जवळच्या झुडपावर ठेवावं आणि घरातलं मांजर दोन-तीन दिवस आत कोंडावं. अमेरिकेत मांजरं दर वर्षी १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात असा तिथल्या शास्त्रज्ञांचा २०१३ चा अंदाज आहे, तेव्हा ही गोष्ट किरकोळ नाही. उघडंवाघडं पिलू मात्र खरंच पडलेलं असतं. घरटं सापडलं तर त्यात परत ठेवावं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज खरा नाही. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

गच्चीवर कावळे डोक्यात टोचा मारतात, ही तक्रार दर विणीच्या हंगामात येते. त्यांची पिलं जवळ असतात म्हणून ते तसं करतात. छत्री उघडून जावं, काठी उगारू नये. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी मुखवटे घालून केलेल्या प्रयोगांत दिसलं की कावळे त्रास देणारा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात आणि इतर कावळेही तो शिकून घेतात. पंधरा दिवसांच्या भांडणासाठी एवढं लांबलचक वैर ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

साळुंकीचं काय झालं ते सांगते. मुकादमाने शेवटी परांची आधी मागच्या बाजूला हलवली, आमची बाजू नंतर घेतली. भाड्यात फारसा फरक पडला नाही, कारण दिवस तेवढेच, फक्त क्रम बदलला. पिलं उडायला आणखी वेळ होता म्हणून त्या भोकाभोवतीचा हातभर तुकडा सोडून बाकीचं रंगकाम झालं. ती उडाल्यावर तोच रंगारी दोराच्या झुल्यावर बसून आला. त्याने जुनं गवत पिशवीत भरलं, कारण रिकाम्या घरट्यातले पिसवांसारखे बारीक किडे मग घरात शिरतात, आणि भोक बुजवलं. बुजवण्याआधी त्याने आपणहून आत बोट घालून पाहिलं. बाजूच्या भिंतीवर आम्ही एक पेटी लावली आहे. पहिल्या वर्षी तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. 

रंगकामाचं कंत्राट मी नंतर नीट वाचलं. प्रायमरचे किती हात, रंगाचे किती हात, पुट्टी कोणती, हमी किती वर्षांची, पाऊस आला तर दिवस कसे धरायचे, सगळं लिहिलेलं होतं. पावसाला जागा होती, घरट्याला नव्हती. पुढच्या कंत्राटासाठी मी हे कलम लिहून ठेवलंय आणि येत्या बैठकीत ते मांडणार आहे: ‘काम सुरू करण्यापूर्वी इमारतीची सर्व भोकं, छज्जे, डक्ट आणि वेली रहिवाशांचा एक प्रतिनिधी आणि कंत्राटदार मिळून तपासतील. अंडी किंवा पिलं आढळल्यास त्या जागेचं काम पिलं उडेपर्यंत शेवटी घेतलं जाईल. त्यापायी कामगाराचा रोज बुडाल्यास तो रहिवासी भरून देतील.’ शेवटच्या वाक्यावर वाद होईल हे मला माहीत आहे. ते वाक्य मी काढणार नाही.